हो म्हणू की नको?

मावशीच्या संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट उगवली आणि तिने माउसला हातही न लावता आधी मला फोन केला. चौकटीत लिहिले होते की ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटशी जोडणी मागत आहे. त्याखाली टिंबांनी तोडलेला आकड्यांचा एक पत्ता होता, पत्त्यापुढे ४४३ हा पोर्ट, म्हणजे संगणकाच्या जोडणीच्या दाराचा क्रमांक, होता, आणि शेवटी ‘परवानगी द्या’ व ‘अडवा’ अशी दोन बटणे होती. मावशीने यातला आकडा न् आकडा मला सावकाश वाचून दाखवला आणि मग विचारले, ‘‘अगं, हो म्हणू की नको म्हणू?’’ मी ‘हो म्हण’ म्हटले, तिने बटण दाबले, चौकट गेली, आणि आम्ही दुसऱ्या विषयांवर बोलत राहिलो. फोन ठेवल्यावर मात्र तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मावशीची सगळी नोकरी मुलांना गणित शिकवण्यात गेली. आकड्यांना ती बिचकत नाही, आणि सूचना पूर्ण वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करत नाही. अशा नेटक्या बाईला जे उत्तर देता येत नाही, ते तिला विचारणाऱ्या फायरवॉलने, म्हणजे इंटरनेटवरून आत-बाहेर होणाऱ्या जोडण्यांवर पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने, तिचे रक्षण केले की आपली जबाबदारी तिच्या गळ्यात टाकली, हे मला ठरवता येत नव्हते.

या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर काय काय ठाऊक असावे लागते, याची मी मनाशी उजळणी केली. ‘एसव्हीसीहोस्ट’ हा विंडोजचा स्वतःचाच भाग आहे. घड्याळ जुळवणे, अपडेट आणणे, नेटवर्कवरचे पत्ते शोधणे अशा पडद्यामागच्या पुष्कळ सेवा त्याच्या आधाराने चालतात आणि कोणत्याही क्षणी त्याच्या अनेक प्रती एकाच वेळी सुरू असतात. म्हणजे उत्तर ‘हो’ असायला हवे. पण नेमक्या याच कारणाने घातक प्रोग्रॅम लिहिणारे ते नाव उसने घेतात; मधल्या दोन अक्षरांची अदलाबदल करून किंवा तेच नाव ठेवून भलत्याच फोल्डरमध्ये आपली फाइल दडवतात. खरी फाइल विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरमध्ये असते, तिच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते, आणि ४४३ हा पोर्ट कूटबद्ध वेबसंपर्काचा नेहमीचा पोर्ट असल्यामुळे त्यावरून भलेही जाते आणि बुरेही जाते. यातले काहीही त्या चौकटीत लिहिलेले नव्हते. शिवाय उत्तर ‘नको’ असे दिले असते तर कदाचित विंडोजची सुरक्षा अपडेटेच अडली असती, म्हणजे सावधपणाची शिक्षा म्हणून संगणक अधिक असुरक्षित झाला असता. आणि ‘हो’ देत राहिले तर हाताला ‘हो’ची सवय लागते, मग ज्या दिवशी खरोखरच ‘नको’ म्हणायला हवे त्या दिवशीही बोट सवयीनेच पुढे जाते.

मग असा प्रश्न विचारण्याची रीत पडली तरी कशी?

ती रीत एका विशिष्ट काळातून आली आहे आणि तो काळ मला चांगला आठवतो. विंडोज एक्सपी २००१ साली आले, तेव्हा त्यात फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे आणि सामान्य माणसाला ती आहे हेही ठाऊक नसे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आणि एप्रिल २००४ च्या अखेरीस सॅसर हे वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपणहून पसरणारे घातक प्रोग्रॅम, पसरले. त्यांना कुणी संलग्न फाइल उघडण्याची गरज नव्हती, कुठल्या दुव्यावर टिचकी मारण्याचीही नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढेच पुरेसे होते. नवेकोरे विंडोज बसवावे, मोडेम जोडावे, आणि अपडेट उतरवून होण्याच्या आत पडद्यावर करड्या रंगाची खिडकी यावी, की साठ सेकंदांत संगणक बंद होणार आहे. सेकंद उलटे मोजले जात, डब्यातला पंखा घरघरत राही, आणि आपण हातातली फाइल जतन करायला धडपडत असू. त्या खिडकीत ‘रद्द करा’ असे बटण नव्हते, हे आजही माझ्या अंगावर येते. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा मोठा संच, काढला आणि त्यात फायरवॉल आपोआप सुरू ठेवली. एका सेटिंगची दिशा उलटवली एवढेच, पण घरातल्या संगणकांच्या दृष्टीने तो मला फार मोठा निर्णय वाटतो, कारण सुरक्षित राहण्यासाठी माणसाने काही करायला हवे ही अटच त्याने काढून टाकली.

दरम्यानच्या काळात झोनअलार्मसारख्या स्वतंत्र फायरवॉल लोकप्रिय झाल्या होत्या. बाहेरून आत येणारे अडवण्याबरोबरच आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला त्या हटकत, आणि प्रत्येक वेळी मालकाला विचारत. त्या वेळी ते योग्यही होते. संगणकावर मोजके प्रोग्रॅम असत, त्यांतले इंटरनेट वापरणारे तर आणखी मोजके, आणि एखादा खेळ गुपचूप कुठेतरी बोलतो आहे हे पहिल्यांदा दिसले तेव्हा मलाही धक्का बसला होता. आज साधा कॅलक्युलेटरसुद्धा आपल्या कंपनीशी बोलतो. प्रश्न तेच राहिले, पण ज्या जगात त्यांची उत्तरे देता येत होती ते जग राहिले नाही. शिवाय जो घातक प्रोग्रॅम आत शिरून बसला आहे तो स्वतःच्या नावाने बाहेर जाईल असेही नाही. आधीच परवानगी असलेल्या ब्राउझरच्या आडून तो जाऊ शकतो, आणि पुरेसे अधिकार मिळाले तर फायरवॉलच बंद करू शकतो.

म्हणून घरच्या संगणकासाठी वेगळी फायरवॉल विकत घ्यावी की नाही, या प्रश्नावर माझे मत आता पक्के आहे: घेऊ नये. विंडोजची स्वतःची फायरवॉल बाहेरून येणारी अनाहूत जोडणी मुळातच अडवते आणि बाहेर जाणारी जाऊ देते. तुम्ही एखादे पान मागितले असेल तर त्याचे उत्तर आत येऊ द्यायचे, न मागता कुणी दार ठोठावले तर उघडायचे नाही, एवढे ती लक्षात ठेवते. संगणकाला असे ६५,५३५ पोर्ट असतात आणि त्यांतला प्रत्येक तपासून पाहणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात, त्यामुळे हे काम क्षुल्लक नाही. घरातला राउटरही बहुतेक वेळा तेच काम एक पायरी आधी करतो. मॅक वापरणाऱ्यांनी मात्र सेटिंगमध्ये जाऊन फायरवॉल सुरू आहे ना हे एकदा पाहून घ्यावे, कारण तिथे ती बंद असण्याची शक्यता असते. नव्या वायफायला जोडताना विंडोज हे नेटवर्क खासगी की सार्वजनिक असे विचारते किंवा स्वतः ठरवते. घराबाहेर असाल तर ‘सार्वजनिक’, हे उत्तर कुणालाही देता येण्यासारखे आहे. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलणे आणि त्याचे स्वतःचे अपडेट चालू ठेवणे, हे दोन उद्योग मला कोणत्याही विकतच्या फायरवॉलपेक्षा मोलाचे वाटतात.

अँटिव्हायरसची गोष्ट इतकी सरळ नाही.

१९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनी ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला व्हायरस लिहिला, तेव्हा त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता. अशा व्हायरसला ओळखणे सोपे होते. त्याच्या पोटातला एक ठरावीक तुकडा नोंदवून ठेवायचा आणि प्रत्येक फ्लॉपीत तो तुकडा शोधायचा. अँटिव्हायरसचा सगळा व्यवसाय त्या खुणांच्या यादीवर उभा राहिला आणि यादी मोठी म्हणजे अँटिव्हायरस चांगला, असे आम्ही सारेच समजत होतो. पण संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिले होते की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि निरपराध प्रोग्रॅमला कधीही व्हायरस म्हणणार नाही, अशी कार्यपद्धती असूच शकत नाही. मावशीला मी हे सांगितले तेव्हा तिचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे अजून कुणाला जमलं नाही असं नव्हे, जमणारच नाही हे सिद्ध झालंय?’’ तिने मुद्दाम विचारून घेतले. होय, तसेच. आज जर्मनीतल्या माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था रोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक किंवा नकोसे प्रोग्रॅम नोंदवते. इतक्यांच्या खुणा घरोघरी पाठवणे शक्य नसल्यामुळे हल्लीचे अँटिव्हायरस फाइलच्या रचनेवरून अंदाज बांधतात, ती चालू झाल्यावर काय करते ते पाहतात, आणि शंका आली तर फाइलचा ठसा कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवून तिथे विचारतात. झपाट्याने एकामागून एक फोटो कूटबद्ध करू लागलेला प्रोग्रॅम नाव कोणतेही लावो, त्याचे वागणेच त्याला पकडून देते.

अंदाज म्हटला की चूक आली, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. चोर सुटणे ही एक चूक. तिचा उल्लेख सगळ्या जाहिरातींत असतो. साव पकडला जाणे ही दुसरी, आणि घरच्या वापरात ती अधिक त्रास देते असा माझा अनुभव आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने एक्सपीची ‘यूजर ३२’ ही फाइल घातक ठरवली, आणि ज्यांनी सल्ला मानून ती काढून टाकली त्यांचा संगणक पुन्हा सुरूच होईना. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या दुसऱ्या अँटिव्हायरसच्या अपडेटने एक्सपीवरचा खराखुरा ‘एसव्हीसीहोस्ट’ व्हायरस समजून कैद केला. संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले आणि त्यांचे नेटवर्क तुटले. मावशीला ज्या नावाबद्दल ‘हो की नको’ विचारले गेले होते, नेमके तेच हे नाव. ज्यांचा दिवसभराचा उद्योगच हा, अशा लोकांनी याच प्रश्नाला एकदा चुकीचे उत्तर दिले होते, हे आठवल्यावर मला त्या पिवळ्या चौकटीचा आणखी राग आला.

तेव्हा निवड करताना मी चाचण्यांचे निकाल पाहते, पण ते वाचण्याची माझी पद्धत आता बदलली आहे. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता या तीन गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था खोट्या इशाऱ्यांची आणि संगणक किती मंदावतो याची वेगळी मोजणी करते. ब्रिटनमधली एसई लॅब्जही अशा चाचण्या घेते. पहिल्या रांगेतल्या उत्पादनांचे संरक्षणाचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ असतात की या फेरीत पहिला आलेला पुढच्या फेरीत चौथा येतो, आणि त्यातून घरच्या माणसाने काही ठरवावे असे फारसे काही उरत नाही. फरक दिसतो तो खोट्या इशाऱ्यांच्या रकान्यात आणि वेगाच्या रकान्यात. म्हणून मी तिथून वाचायला सुरुवात करते, आणि एकाच फेरीवर न थांबता मागच्या काही फेऱ्या चाळते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्येच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस सुरुवातीची बरीच वर्षे या चाचण्यांत मागे पडत असे; नंतर तो सुधारला आणि आता वरच्या उत्पादनांच्या बरोबरीने दिसतो. त्याचे मोठे फोल्डर तपासणे काही वेळा संथ वाटते, हेही खरे आहे.

अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी आणि निरुपद्रवी पद्धत आहे, ती मी मावशीसमोर करून दाखवली. आयकार या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिली आहे. तिच्यात व्हायरस नाही, ती कुणाचे काही बिघडवत नाही. फक्त जगातल्या जवळजवळ सर्व अँटिव्हायरसनी तिला घातक समजून पकडायचे, असा संकेत आहे. मी नोटपॅड उघडला, ती ओळ उतरवली, तिच्यातले कंस, टक्का आणि डॉलरची चिन्हे एकदा नीट पडताळली आणि फाइल डेस्कटॉपवर जतन केली. फाइलचे चित्र डेस्कटॉपवर उमटले न उमटले तोच नाहीसे झाले आणि ‘धोका आढळला, कारवाई केली’ अशी सूचना सरकत वर आली. मावशीने डेस्कटॉपवरच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, मग मी उघडून दिलेल्या इतिहासाच्या पानावर फाइलचे नाव, वेळ आणि ‘विलगीकरण’ असा शेरा वाचला. यात तिला काहीच विचारले गेले नव्हते. झाल्यावर सांगितले गेले, आणि हवे तर ते पुन्हा पाहता येईल अशी नोंद ठेवली गेली.

मात्र असे सगळे परस्पर करून टाकणारे सॉफ्टवेअर घरात आणताना एक गोष्ट विसरता येत नाही. अँटिव्हायरस म्हणजे घराच्या सगळ्या खोल्यांची किल्ली ज्याच्याकडे आहे असा रखवालदार. प्रत्येक फाइल उघडताना त्याला आधी कळते, तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसतो, आणि काही उत्पादने तर ब्राउझरचा कूटबद्ध संपर्क वाचता यावा म्हणून संगणकावर स्वतःचे प्रमाणपत्र बसवतात. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याचे जानेवारी २०२० मध्ये उजेडात आले. उपकंपनी बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. लोकांनी ते सॉफ्टवेअर पाळत टाळण्यासाठी घेतले होते, हे यातले सर्वांत दुखणारे सत्य आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेने कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली. कारण रशियन सरकारच्या संभाव्य प्रभावाचे दिले गेले आणि कंपनीने ते नाकारले. त्या उत्पादनाची पकड उत्तम असल्याचे चाचण्यांत दिसत आले होते, तरी वाद पकडीचा नव्हता, हातात दिलेल्या अधिकाराचा होता. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून उभे केले. ते संगणक प्रामुख्याने कार्यालयांतले होते, पण गाभ्यात बसलेल्याची एक चूक काय करू शकते हे त्या दिवशी विमानतळांवर ताटकळलेल्या लोकांनी पाहिले.

यावरून मी फुकटाच्या विरोधात किंवा विकतच्या बाजूने गेलेले नाही. मी फक्त तीन गोष्टी विचारते: या कंपनीचे पोट कशावर चालते, गोपनीयतेच्या धोरणात ती काय काय गोळा करते असे सांगते, आणि नको असलेली जास्तीची अंगे मला बंद करता येतात का. डिफेंडरसाठीही हे विचारायला हवे. मायक्रोसॉफ्टकडे संशयित फाइलींचे नमुने आपोआप पाठवण्याची सोय त्यात असते आणि ती सेटिंगमधून बंद करता येते. पण विंडोज वापरताना मायक्रोसॉफ्टवर विश्वास टाकलेलाच असतो. आणखी एका अनोळखी कंपनीला त्याच किल्ल्या देण्यासाठी काही भक्कम कारण लागेल, आणि मावशीच्या घरी मला ते सापडले नाही. ज्यांच्या घरात लहान मुलांसाठी नियंत्रणे हवी आहेत, किंवा निरनिराळ्या जातींची बरीच यंत्रे एकाच ठिकाणाहून सांभाळायची आहेत, त्यांना विकतचा संच उपयोगी पडू शकतो. एका वेळी दोन अँटिव्हायरस मात्र नकोत. दोघेही तीच फाइल एकमेकांच्या आधी उघडायला धावतात आणि संगणक रखडतो.

या क्षेत्रातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट म्हणजे भीतीवर चाललेली विक्री. २००८ च्या सुमारास ‘अँटिव्हायरस एक्सपी’, ‘विनफिक्सर’ अशा नावांचे बनावट प्रोग्रॅम पडद्यावर खोटी तपासणी रंगवून दाखवत. लाल अक्षरांत व्हायरसांचे आकडे सरसर वाढत जात आणि शेवटी पैसे मागितले जात. ते भामटे होते. पण संगणकासोबत येणारी अस्सल उत्पादनेही मुदत संपत आली की त्याच लाल रंगात, त्याच सुरात बोलू लागतात. ‘आपण असुरक्षित आहात’ हे वाक्य सकाळी संगणक उघडताच वाचावे लागणाऱ्या वृद्ध माणसाला अस्सल आणि बनावट यांतला भेद कसा करता यावा? मावशीच्या संगणकावर अशाच एका चाचणी आवृत्तीची मुदत संपलेली होती. ती स्वतः काही करत नव्हती, फक्त नूतनीकरणाची आठवण करून देत होती, आणि तिच्याच जोडीला ती प्रश्न विचारणारी फायरवॉल होती. अशी संपलेली आवृत्ती ठेवण्यापेक्षा ती पूर्ण काढून टाकणे चांगले; ती गेली की डिफेंडर आपली जागा घेतो, आणि त्याने ती घेतली की नाही हे विंडोजच्या सुरक्षेच्या पानावर स्वतः पाहून घ्यावे.

जे काम अँटिव्हायरसचे नाही तेही त्याच्याकडून अपेक्षिले जाते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फाइली कूटबद्ध करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेले होते. ब्लास्टर आणि सॅसरच्या वेळीही दुरुस्ती आधी आली होती आणि वर्म मागून. मला यातून सतत दिसत आले ते हे, की विंडोज आणि ब्राउझर वेळेवर अद्ययावत करणारा माणूस साध्या अँटिव्हायरसवरही बऱ्यापैकी निर्धास्त राहू शकतो, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नेहमीचा आधार संपलेले विंडोज १० वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेटांशिवाय चालवणाऱ्याला सर्वांत महागडा संचही पूर्ण तारू शकत नाही. फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवणे हेही तसेच. खंडणीचा व्हायरस जोडलेल्या डिस्कवरही हात मारतो. कपाटातल्या डिस्कपर्यंत तो पोहोचत नाही.

शेवटी मावशीकडे आम्ही हे सगळे एका दुपारी केले. संपलेली आवृत्ती आणि ती फायरवॉल काढली, विंडोजची फायरवॉल सुरू असल्याचे पाहिले, रोजच्या वापरासाठी तिला मर्यादित अधिकारांचे खाते उघडून दिले, आणि प्रशासकाच्या खात्याचा पासवर्ड तिच्याच वहीत तिच्या अक्षरात लिहिला. मला वाटले होते की आता चौकटी येणार नाहीत म्हटल्यावर तिला हायसे वाटेल. ती म्हणाली, ‘‘म्हणजे आता मला कुणी काही विचारणारच नाही? मग आत काय चाललंय ते मला कळणार कसं?’’ या प्रश्नाने मी थोडी अडखळले. विचारले जाणे तिला त्रासदायक होते, पण त्यात मान होता. हा संगणक माझा आहे, माझ्या संमतीवाचून इथे काही घडू नये, ही तिची भूमिका रास्तच होती. तिचा तो हक्क काढून घ्यायचा नव्हता. तिला जे प्रश्न पेलतील तेच तिच्यापर्यंत पोहोचावेत, एवढेच मला हवे होते.

तसा एक प्रश्न विंडोजमध्ये आहे. काहीही नवे बसवताना पडदा अंधारतो आणि ‘या प्रोग्रॅमला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?’ असे विचारले जाते. मर्यादित खात्यावर तर प्रशासकाचा पासवर्डही मागितला जातो. मी तिला म्हटले, ‘‘मावशी, इथे पोर्ट-बिर्ट काही बघायचं नाही. आत्ता तू स्वतः काही बसवायला घेतलं होतंस का, एवढंच आठवायचं. नसेल घेतलं, तर नको म्हणायचं.’’ तिने ते वहीत लिहून घेतले. ईमेलमधून आलेली फाइल उघडण्याआधी ‘ही मी मागितली होती का, आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारता येईल का’ हेही लिहिले. शिवाय सुरक्षेच्या इतिहासाचे ते पान दर रविवारी उघडून पाहायचे असे तिने स्वतःच ठरवले. पानावर बहुधा काही नसते, पण ती पाहते आणि मला कळवते.

एक बाब मात्र अजून लटकली आहे. फोटोंची यादी ठेवणारा तिचा एक फार जुना प्रोग्रॅम आहे, त्याला डिफेंडर ‘संभाव्य नकोसा’ म्हणतो आणि चालू होऊ देत नाही. मी त्याची स्थापनेची फाइल व्हायरसटोटलवर टाकून पाहिली. अनेक अँटिव्हायरसची मते तिथे एकत्र मिळतात, आणि टाकलेल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होतात म्हणून तिथे खासगी कागदपत्र कधीही टाकू नये. बहुतेकांनी फाइल स्वच्छ म्हटली, दोघा-तिघांनी संशय घेतला, आणि तो संशय प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या जाहिरातीच्या पट्टीवर आहे असे दिसते. मावशी म्हणते की इतकी वर्षे वापरते आहे, त्याला अपवाद म्हणून नोंदव. अपवाद नोंदवला की त्या फोल्डरमध्ये पुढे जे काही येईल त्याकडेही डिफेंडर पाहणार नाही, आणि त्या प्रोग्रॅमचे अपडेट कधीच थांबलेले आहेत. तिच्या याद्या साध्या तक्त्याच्या फाइलीत बाहेर काढता येतात का ते मी पाहते आहे. निम्म्या निघाल्या आहेत, उरलेल्यांतल्या तारखा उलटसुलट येतात. त्या जुळेपर्यंत अपवाद नोंदवायचा नाही असे आमचे ठरले आहे, आणि मावशीने ते नाखुशीने का होईना, मान्य केले आहे.